समईच्या बोर्डावरचा ट्रान्समीटर

माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये धुराचा अलार्म असल्यामुळे त्याच्या फोटोपुढे विजेची समई लावली होती. पुण्याहून सासूबाई रोज फोनवर सांगत, "तेरा दिवस विझू देऊ नकोस गं." पुस्तकांच्या कपाटामागे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. दिरांनी समईची पिन त्यात घातली, मुख्य बटण चालू केलं आणि ते बंद करायचं नाही असं सगळ्यांना बजावलं.

त्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभी बिर्याणीचा डबा घेऊन आल्या. बसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एक बोलू? पार्किंगमध्ये गाडी सुरू केली तर रेडिओवर तुमच्या साहेबांचा आवाज. आमचे हे म्हणाले, हा माणूस तिकडे जाऊनही पुस्तकं वाचतोय!" मग त्यांनी जीभ चावली. "तौबा. पण ते बंद करा, खलास. इथे कुणी तक्रार केली ना..."



त्याला समुद्रातल्या रेडिओ बोटींचं वेड होतं. साठच्या दशकात इंग्लंडच्या किनाऱ्यापासून लांब, जिथे कायदा पोचत नाही तिथे नांगर टाकून गाणी लावणाऱ्या बोटी. त्यांच्यावर तो मराठीत लिहीत होता. लिहिलेलं वाचून रेकॉर्ड करायचा आणि घरी जुळवलेल्या छोट्या ट्रान्समीटरवरून शनिवारी सकाळी तासभर सोडायचा. आवाज पार्किंगच्या पुढे जात नसे. "बिल्डिंगपुरता चाचा," म्हणून तो हसायचा. चाचा म्हणजे समुद्री लुटारू; त्या बोटींनाही तसंच म्हणत. परवाना अर्थातच नव्हता. मी रागवायचे, आणि चहा द्यायचे.

ट्रान्समीटर त्याच बोर्डावर होता. वीज आली की रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू व्हायचं, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे समई लावल्यापासून तो नऊ दिवस अखंड बोलत होता.

माझा आणि मुलीचा व्हिसा त्याच्या नावावर होता. तो माझ्या नोकरीवर घ्यायचे कागद नुकतेच ऑफिसात दिले होते. ते अडायला एक तक्रार पुरेशी होती.

भाभी गेल्यावर बाल्कनीतून खाली पाहिलं. टपावर लांब अँटेना असलेली पांढरी गाडी उभी होती. कशाची, कोण जाणे. मी आत येऊन स्वयंपाकघरातला रेडिओ लावला.

तो शांतपणे वाचत होता. बोटी थांबेनात, तेव्हा कायदा बदलला आणि त्यांना किनाऱ्यावरून रसद पुरवणारेही गुन्हेगार ठरले. इथे तो थांबला, खाकरला. "चहा आण ना गं." पाठोपाठ लांबून माझा आवाज : "आणते, थांब."

मुलगी दारात उभी होती. "मम्मा, इट्स बाबा. प्लीज डोन्ट टर्न इट ऑफ."

"एवढं पान होऊ दे," मी म्हटलं. ते मी तिच्यासाठी म्हटलं नव्हतं.

आम्ही दोघी फरशीवर बसलो. पान संपत आलं आणि बेल वाजली. मी गुडघ्यांवर कपाटामागे घुसले, हाताला लागली ती पिन ओढली. समई विझली. स्वयंपाकघरात तो पुढचं पान वाचू लागला. बेल पुन्हा वाजली. दुसरी पिन निघेना. दोन्ही हातांनी खेचली, तेव्हा वाक्याच्या मध्येच खरखर सुरू झाली. मुलीने रेडिओ बंद केला.

दारात पाण्याच्या बाटल्या देणारा माणूस होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, तबियत ठीक है?"

त्याने बाटली आत ठेवली. तो गेल्यावर मी समईची पिन परत लावली. मुलगी म्हणाली, "समई ऑफ झाली ते आजीला टेल करणार?"

सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.