उजव्या कळीचं गंध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाप मरायला टेकला तेव्हा त्यालाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. आणि सांगताना मला कुणी आदरानं ‘गुरवानू’ म्हणून हाक मारू नये, एवढ्यासाठी लिहून सांगतो.

रत्नागिरीच्या खाडीपलीकडे आमचं गाव. गावच्या देवळात काळ्या पाषाणाची उभी मूर्ती, आणि तिची पूजा आमच्या घराकडे. पण पूजेपेक्षा मोठं काम कौलाचं. पेरणी कधी धरावी, मुलगी कुठल्या घरी द्यावी, बांध कुणाचा — गाव आधी देवाला विचारायचं. मी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याच्या बोटानं एकेक कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि सगळ्यांनी डोळे लावून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नको. माणसांचे जन्म त्या दोन कळ्यांवर टांगलेले असायचे.

चातुर्मासात दुपारी त्याच देवळात मी पोथी वाचायचो. पोथीत एक ना एक राजा असतोच — तप करतो, वर मिळवतो, आणि मग लोकांनी देवाचं सोडून आपलं नाव घ्यावं म्हणून हट्ट धरतो. कुणी स्वर्गावर चाल करून जातो. कुणाला असा हात हवा असतो की ज्याच्या डोक्यावर ठेवावा त्याची राख व्हावी. हे भाग मी फार चवीनं वाचायचो. माझा आवाज चढायचा, बायका चुकचुकायच्या, आणि शेवटी त्या राजाचं पोट फाटलं की सगळं देऊळ सुटकेचा श्वास टाकायचं. मला संताप येतो तो याचा — या सगळ्यांना मुकुट असतात, सुळे असतात, राजवाडे असतात. ओल्या पंच्यातला, हळू बोलणारा, हडकुळा माणूस एकाही पोथीत का नाही? पण थांबा. मी पोथीवर ढकलायला लागलो. पोथीनं मला सगळं सांगितलं होतं. मीच ते मोठ्यानं वाचत होतो.

सुरुवात कशी झाली सांगू? चांगुलपणानं झाली. फणसाच्या एका झाडावरून दोघे भाऊ भांडत होते. थोरला लबाड होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. झाड थोरल्याचं का, असा कौल लावला. उजवी कळी चिकटवताना माझ्या बोटाला गंध होतं. नुसत्या पाण्याची कळी वाळली की सुटते. गंधाची धरून राहते. हे मला त्या क्षणी कळलं — आणि मी बोट पुसलं नाही. डावी पडली. मामलेदाराला न जुमानणारा तो थोरला मान खाली घालून निघून गेला. कुणाच्या शब्दावर? त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

नंतर बोटाला गंध आपोआप लागेना. मी लावू लागलो.

हे एका माणसानं ओळखलं. सखाराम त्याचं नाव. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीवर तो आगवाला होता, बॉयलरपुढे कोळसा ओढायचा. शिमग्याला महिनाभर घरी आला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायको भागी — उंच, सावळी, कमी बोलणारी. सखारामच्या आईनं विहिरीसाठी कौल लावला तेव्हा तो खांबापाशी उभा राहून मूर्तीकडे नव्हे, माझ्या बोटांकडे बघत होता. सगळे गेल्यावर जवळ आला.

“गुरवानू, उजव्या कळीला गंध, डाव्या कळीला नुस्तं पानी. मग देवानं बोलायचं कुटं?”

मी बोट पंच्याला पुसलं. तो हसला. हसण्यात विखार नव्हता. “भिऊ नका. मी कुनाला सांगायचा नाय,” म्हणाला, आणि गेला.

त्यानं मला अभय दिलं. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. अभय देवानं द्यायचं असतं, आणि गावात देवाच्या वतीनं ते मी देत असे. कोळसा ओढणाऱ्या माणसानं ते मला द्यावं? त्यानं गावभर बोंब मारली असती तर मी कदाचित त्याला माफ केलं असतं.

पुढच्या वर्षी त्यानं बोटीवरची नोकरी सोडली. मुंबईला गोदीत काम धरलं, खोली घेतली, आणि आईला पत्र धाडलं की भागीला पाठव. गावातली पत्रं वाचून दाखवायचो मीच. म्हातारीला सून सोडायची नव्हती. भातशेती कुणी बघायची? ती म्हणाली, देवाला विचारू. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, आणि माझ्या मनात काय होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. मी उजव्या कळीला गंध लावलं.

डावी पडली तेव्हा भागी खांबाला धरून उभी होती. सगळे उठले तरी ती उभीच.

“देव नको का म्हनतो, गुरवानू? माजं काय चुकलं?”

मी म्हणालो, “देवाला कारण विचारू नये.”

काय माणूस मी! कुणी राक्षसानं तरी इतक्या शांतपणे हे म्हटलं असतं का? वीस वर्षांची पोर, नवऱ्याकडे जायला निघालेली, स्वतःत खोट शोधत होती. आणि मी घंटेचं पितळ पुसत होतो.

तीन वर्षांत तीनदा पत्र आलं, तीनदा कौल लागला, तीनदा डावी पडली. एकदा तो स्वतः न्यायला येणार होता, पण गोदीतून सुट्टी मिळाली नाही. भागी नेमानं देवळात येत राहिली. चातुर्मासात पोथीला बसायची. तो देव व्हायला निघालेला राजा आला की म्हणायची, “एवडं सगळं असून आनखी हाव कशाला?” आणि मी तिला त्याचा अर्थ समजावून सांगत असे. मी. तिला.

चौथं पत्र पाऊस सरून बोटी सुरू झाल्यावर आलं. त्यांच्या पडवीत बसून मी वाचायला घेतलं. छातीत दुखतं, खोकला थांबत नाही, अंगातला ताप उतरत नाही. मोठ्यानं वाचताना डोळे एक ओळ पुढं असतात. तशी मला पुढची ओळ आधी दिसली. ‘कौल लावू नका, गुरव कळीला गंध लावतो, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.’ त्याखाली, ‘भागीला पहिल्या बोटीनं धाडा.’

मी थांबलो. खाकरलो. आणि वरची ओळ गाळून खालची वाचली.

ही माझी चोरी. कळ्यांचं पाप मोठं असेल, पण तिथं निदान मी दगडाआड उभा होतो. इथं एका आजारी माणसाचा शब्द माझ्या हातात होता, समोर त्याची बायको आणि आई माझ्या ओठांकडे बघत होत्या, आणि मी तो गिळला.

म्हातारी या खेपेला हलली होती. तरी म्हणाली, एकदा कौल घेऊ. वाटलं असतं तर मी उजवी पाडू शकलो असतो. पण भागी गेली असती तर सखारामनं तिला सांगितलं असतं. शिवाय तीनदा नको म्हणालेला देव आता हो कसा म्हणणार? लोक काय म्हणतील? खरा देव असता तर त्याला मत बदलता आलं असतं. मला माझ्या अब्रूची भीती होती. आणि त्या भीतीपायी मी बोटाला गंध लावलं.

पौषात कार्ड आलं. सखाराम इस्पितळात वारला. जवळ कुणी नव्हतं. ते कार्डही मीच वाचलं. त्यातला एकही शब्द गाळला नाही.

महिन्याभरानं भागी देवळात आली. कपाळ मोकळं. म्हणाली, “देवाला ठावं होतं, गुरवानू. म्हनून मला आडवली. तितं परक्या मुलखात मी एकटीनं काय केलं असतं?” माझा गुन्हा तिनं देवाची दया करून टाकला, आणि मी मान हलवली. तेव्हापासून मी दोन्ही कळ्या नुसत्या पाण्यानं लावतो. हे प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. माझी गंध लावायची छाती राहिली नाही, इतकंच.

ते चौथं पत्र तिनं जपून ठेवलं होतं. दर वर्षी सखारामच्या तिथीला ती ते घेऊन यायची आणि मी वाचून दाखवायचो. गावात शाळा झाली, तिच्या शेजारची मुलगी वाचायला शिकली. मी ते वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. पण भागी तिच्याकडे कधी गेली नाही. गुरवांनी वाचलं की नवऱ्याचाच आवाज आल्यासारखा वाटतो, म्हणायची. अशी दहा-अकरा वर्षं मी ते पत्र वाचलं, आणि दर वर्षी तीच ओळ गाळली.

भागी वारली त्याच्या आदल्या वर्षी वाचताना तिनं पत्रावर बोट ठेवलं. अक्षरओळख नव्हती तिला. पण बोट नेमकं त्या ओळीवर होतं.

“हितं तुमी दर साली थांबता, गुरवानू. हितं काय लिवलंय?”

तिच्या नजरेत संशय नव्हता. तिला नवऱ्याचा आणखी एखादा शब्द हवा होता.

मी म्हणालो, “अक्षर पुसट झालंय. लागत नाही.”

शाई काळीभोर होती. तिनं हळहळून मान हलवली, पत्राची घडी घातली, आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.