वळसंगच्या गच्चीवरचं बिनमिठाचं वाळवण

फेब्रुवारीच्या शेवटी अप्पांच्या उशीखाली मला शेवेची दोन पाकिटं सापडली आणि वळसंगला जायचं हे त्याच दिवशी ठरलं.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. जानेवारीत त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ अगदी नावापुरतं आणि पाकिटातलं काही नाही. जन्मभर ठेच्याशिवाय न जेवलेल्या माणसाने मग ताटच बाजूला सारायला सुरुवात केली. वजन इतकं उतरलं की शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायची. मधल्या वेळी तोंडात टाकायला काहीतरी हवं म्हणून मी पुण्यात बाल्कनीत टोमॅटो आणि चिकू वाळवून पाहिले. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी धरली. शेव सापडली त्या दिवशी शेवटी वळसंगच्या महादेवी आत्याला फोन केला. ही अप्पांची धाकटी बहीण. तिच्या गच्चीवर उन्हाळाभर काही ना काही वाळत असतं.

"फोनवर काय सांगू?" आत्या म्हणाली. "घेऊन ये की त्याला."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी सुट्टी टाकली आणि सकाळी सहाला गाडी काढली. पुणे-सोलापूर रस्ता चांगला आहे, एरवी साडेचार-पाच तास पुरतात. सोबत आजारी माणूस असेल तर सात धरा आणि दर दीड तासाने त्याला गाडीबाहेर पाय मोकळे करू द्या. मी डब्यात बिनमिठाचं थालीपीठ घेतलं होतं. मोहोळच्या अलीकडे धाब्यावर थांबलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर ठेचा आणि शेंगाचटणी आली. अप्पांनी त्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्या डब्याकडे. म्हणाले, "असं खाऊन जगायचं तरी कशाला, सविता?" आणि न खाताच गाडीत जाऊन बसले. मी डबा तसाच बंद केला आणि गाडी काढली.

सोलापुरातून अक्कलकोट रस्ता धरायचा. कुंभारी मागे पडली की थोड्याच वेळात वळसंग येतं. एसटीही आहे, पण हातात सामान असेल तर आपली गाडी बरी.

आत्या दारातच उभी होती. घरात एका बाकावर तिने डबे मांडून ठेवले होते. सांडगे, तांदळाचे पापड, ताकातल्या मिरच्या, खारवलेली गवार. भाऊ येणार म्हणून महिनाभर खपून केलेलं. मी हळूच म्हटलं, "आत्या, या सगळ्यात मीठ आहे ना?"

"मग? मीठ न्हाय तर टिकंल कसं?"

मी डॉक्टरांचा कागद दाखवला. बिनमिठाचं म्हणून अप्पांनी जेवणच सोडलंय, हेही सांगितलं. तिने कागद वाचला नाही. एकेक डब्याचं झाकण लावलं आणि ते सगळे फळीवर चढवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आत्याच्या हाकेने. चुलीपुढे बसून ती ज्वारीच्या भाकरी थापत होती. पातळ, अगदी कागदासारख्या.

"कडक भाकरी करते," ती म्हणाली. "रातभर डोस्कं चाललं. भाकरीत कुटं मीठ घालतो आपण? तरी महिना महिना टिकती की. बोरं वाळवतो, त्यात मीठ असतंय का? पानी गेलं पायजे, बास. मीठ आपल्या जिभेसाटी."

त्या सकाळपासून घरातलं वातावरण पालटलं. बाजारातून टोमॅटो, बीट, पेरू, कढीपत्ता आणला. सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी पैशांत. माझ्या टोमॅटोंना बुरशी का आली, ते आत्याने पहिल्याच फोडीला सांगितलं. मी अर्धे करून ठेवले होते आणि रात्री बाल्कनीतच सोडले होते. तिचे काप इतके पातळ की पलीकडचं बोट दिसावं. टोमॅटोच्या बिया काढून टाकायच्या. बीट वाफवून मग कापायचं. पेरूला लिंबाचा रस, म्हणजे काळा पडत नाही. विटांवर उचललेल्या बाजेवर धुतलेलं धोतर, वरून मच्छरदाणीचं कापड. दुपारी एकदा उलटायचं आणि ऊन उतरायच्या आत सगळं घरात, नाहीतर दव धरतं.

"आन राखणीला कोन?" आत्याने विचारलं. गावात माकडं फार.

"मी बसतो की," अप्पा म्हणाले.

जिना सावकाश, दोनदा थांबून चढले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली, हातात काठी दिली. पुण्यात दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काप उलटत होता. वळसंगला आल्यापासून त्यांची भाषाही बदलली होती. शेजारच्या शांतव्वा काकू गच्चीवरून "ऊटा आयतेनु?" म्हणून जेवणाची चौकशी करायच्या, आणि अप्पा कन्नडमधूनच उत्तर द्यायचे. मी त्यांना कन्नड बोलताना कित्येक वर्षांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या आणि मी काचेच्या बरण्या आणायला सोलापूरला गेलो. येताना कुंभारीपाशी आभाळ अचानक काळवंडलं आणि काचेवर टपोरे थेंब पडले. आधी मनात आलं, वाळवण गेलं. लगेच दुसरा विचार आला. अप्पा वर एकटे होते. ओझं उचलायला त्यांना सक्त मनाई होती. फोन लावला तर तो खालच्या खोलीत वाजत असणार.

"हळू चालव," आत्या म्हणाली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

घरी पोचलो तेव्हा सरीवर सरी येत होत्या. मी जिन्याकडे धावले. अप्पा वरच्या पायरीवर, छपराखाली बसले होते. केस ओले, श्वास थोडा वाढलेला, पण चेहरा शांत. खाली शांतव्वा काकू पदरात पेरूचे काप धरून उभ्या होत्या.

"मी उचललं न्हाय," माझं तोंड बघून ते आधीच म्हणाले. "हिला हाका मारल्या. धोतराची टोकं गोळा करून नुसतं सरकवत गेलो. हिनं खाली नेलं. टोमॅटोची बाज तेवढी ऱ्हायली."

मी तिथेच त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसले. काही वेळ त्यांची नाडी मोजण्याचं निमित्त करून हात धरून ठेवला.

भिजलेले टोमॅटो मला परत उन्हात घालायचे होते. आत्याने ऐकलं नाही. "तुज्या बापाला खायाचंय ते," म्हणाली आणि परात शेळ्यांपुढे रिकामी केली.

चौथ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन पडलं. बीटाचे काप वाकवले की कटकन मोडायला लागले, म्हणजे झाले. नवे टोमॅटो घातले होते. दोन दिवसांनी ते चामड्यासारखे झाले, तेव्हा आत्याने त्यातले थोडे आणखी कडक वाळवून कुटले. त्या दुपारी तिने कडक भाकरी ताटात चुरली, वर घरचं ताक, भाजलेलं जिरं, कुरकुरीत कढीपत्ता आणि ती लाल आंबट पूड. मीठ नाही. अप्पांनी पहिला घास तोंडात बराच वेळ घोळवला. आम्ही दोघी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

"आंबट हाय," ते म्हणाले. मग ताट ओढून घेतलं. "अजून एक भाकरी चुर की."

आत्या उठून आत गेली. भाकरी आणायला तिला फार वेळ लागला.

परत येऊन आता महिना झाला. जाणार असाल किंवा घरीच करणार असाल, तर एक सांगते. वाळलेले काप लगेच साठवू नका. आठवडाभर बरणी रोज हलवा, काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा उन्हात घाला. आणि पथ्याचं माणूस असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. मी विचारलं. मागच्या तपासणीत अप्पांच्या पायांची सूज कमी होती आणि वजन थोडं वर सरकलं होतं. सगळं सुरळीत झालं असं नाही. परवाच त्यांनी वरणाची वाटी सरकवून दिली. पण चार वाजता ते स्वतः उठून बरणी शोधतात, आणि सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा त्यांनी सेक्रेटरींकडून मागून घेतलाय.

काल ते तिथूनच आत्याशी फोनवर बोलत होते. मी कपडे वाळत घालत होते.

"हितल्या उनात दम न्हाय महादेवी," ते तक्रार करत होते. "तुज्याकडं दोन दिसांत व्हतंय, हितं तीन लागत्यात."

फोनमधून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"मग लागू दे की. तुला कुटं जायाचंय?"

अप्पा हसले आणि वाकून बीटाचे काप उलटायला लागले.