झाडापासूनच्या कॅप्सूल आणि माझी लपवलेली गोळी

"तुम्हाला सेरोटोनिन सिंड्रोम झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला वाटलं, संपलं, आता काहीतरी भयंकर निघालं! परळच्या एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीतल्या खाटेवर होते. पाय आपोआप उडत होते, दात वाजत होते आणि घामाने अंग निथळत होतं. माझा नवरा अरुण माझी पर्स छातीशी घट्ट धरून उभा होता.

डॉक्टरांनी सगळं समजेल अशा भाषेत सांगितलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन. मन, झोप, भूक, सगळ्याशी त्याचा संबंध. औषधाने ते थोडं वाढवलं तर बरं वाटतं, पण दोन वाटांनी एकदम फार वाढलं तर शरीर असं वेडंवाकडं वागायला लागतं. त्या दोन्ही वाटा मीच करून दिल्या होत्या.

पहिली वाट सरळ होती. गेल्या वर्षी माझी आई गेली. तेव्हापासून झोप उडाली. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मुलांच्या दाखल्यांवर शिक्के मारता मारता डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी अरुणने मला दादरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं आणि एसिटॅलोप्रॅम नावाची गोळी सुरू केली. मेंदूत तयार झालेलं सेरोटोनिन लगेच शोषलं जाऊ नये, हे तिचं काम.

ही गोष्ट मी कोणालाही कळू दिली नाही. गिरगावात आमच्या मजल्यावर कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेसुद्धा सगळ्यांना माहीत असतं. तिथे 'सुलभा डोक्याच्या डॉक्टरकडे जाते' हे ऐकायची माझी तयारी नव्हती. दातांचं काम चालू आहे, असं सांगून मी दादरला जायचे. इतक्या वेळा गेले की एव्हाना अख्खी बत्तिशी नवी व्हायला हवी होती.

दुसरी वाट आली समोरच्या दारातून. फिलोमिना माझी बावीस वर्षांची शेजारीण. तिचा नवरा जॉन गेल्यापासून तिचीही झोप गेली होती. परदेशातल्या भाच्याने तिला एक बाटली आणून दिली. त्यावर लिहिलं होतं, मन आणि झोपेसाठी, प्लांट बेस्ड अमिनो ॲसिड. अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते छोटे घटक. डाळीत असतात, दुधात असतात. तिला त्या कॅप्सूलनी बरं वाटलं होतं.

"चेहरा बघ गो तुझा, सुलू," ती म्हणाली, आणि दहा कॅप्सूल स्टीलच्या डबीत घालून पाठवल्या. आमच्याकडे डबी रिकामी परत जात नाही. मी त्यात अळूवड्या घालून दिल्या. तिच्याकडून नाताळात कुलकुल येतात, माझ्याकडून दिवाळीत करंज्या जातात, तशाच या कॅप्सूलही आल्या. म्हणून त्या माझ्या मनात औषध म्हणून शिरल्याच नाहीत. मी ती डबी मेतकुटाच्या बरणीशेजारी ठेवली.

फिलोमिना एक घ्यायची. मी दोन घेतल्या. झाडाचंच तर आहे, कितीसं बाधणार! तिसऱ्या दिवशी मन शांत राहावं म्हणून ऑफिसात जेवल्यावर आणखी दोन घेतल्या. चार वाजेपर्यंत हात इतके थरथरायला लागले की शिक्का दाखल्याच्या बाहेर पडू लागला. मग जुलाब, मग ताप. अरुणने टॅक्सीत घातलं तेव्हा माझे पाय झटके देत होते.

कॅज्युअल्टीत ईसीजी झाला, म्हणजे हृदयाचा आलेख. रक्त घेतलं, साखर पाहिली. एका तरुण डॉक्टरने विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" अरुणने हळूच माझ्या गोळीची चिठ्ठी दाखवली. "आणखी काही?" मी म्हटलं, नाही. तिघांनी विचारलं, तिघांनाही नाहीच म्हटलं. देवाशपथ, मी खोटं बोलत नव्हते.

मग त्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझं पाऊल झटकन वर दाबलं, तर ते टकटक उडतच राहिलं. याला क्लोनस म्हणतात. त्या म्हणाल्या, "औषध सोडा. कालपासून तोंडात काय काय गेलं, तेवढं सांगा."

मी सांगायला लागले. चहा, थालीपीठ, वरणभात, फिलोमिनाच्या कॅप्सूल...

"थांबा. कसल्या कॅप्सूल?"

"अहो, त्या झाडापासूनच्या आहेत."

"बाई, धोत्राही झाडच असतो."

अरुणने फोन केला. फिलोमिनाने बाटलीचा फोटो पाठवला. आत होतं फाइव्ह एचटीपी, एका आफ्रिकन झाडाच्या बियांतून काढलेलं अमिनो ॲसिड. शरीरात त्याचं थेट सेरोटोनिन होतं. माझी गोळी ते शोषू देत नव्हती आणि कॅप्सूल त्यात भर घालत होती. या आजाराचं निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी नसते. तपासून आणि विचारूनच तो ओळखावा लागतो. त्या बाईंनी तसं विचारलं नसतं तर, हा विचार आजही मला हलवून सोडतो.

दोन्ही बंद केलं, सलाइन लावलं, झटके शमवायची इंजेक्शनं दिली. एक दिवस आयसीयू, दोन दिवस वॉर्ड. वॉर्डातल्या मावशींनी माझ्या घामेजल्या केसांची वेणी घालून दिली. त्या माउलीचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी आले तर समोरचं दार बंद. अरुणने मजल्यावर एवढंच सांगितलं होतं, "कॅप्सूल बाधली." माझी गोळी त्याने झाकून ठेवली, माझ्यासाठीच. पण परिणाम काय? फिलोमिनाच्या औषधाने सुलभा मरता मरता वाचली, असं जो तो बोलत होता. ती कुणाशी बोलेना, नळावर येईना.

"कशाला उकरतेस?" अरुण म्हणाला. "लोक विसरतील."

"लोक विसरतील रे. ती विसरेल?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली! माझं गुपित टिकावं म्हणून सगळं खापर तिच्या डोक्यावर. मी तशीच उठले आणि तिचं दार वाजवलं. तिचे डोळे सुजले होते. "मी तुला मारलं असतं गो, सुलू," ती म्हणाली.

"तू नाही. मी डिप्रेशनची गोळी घेते, सात महिने झाले. तुला सांगितलं नाही. दोन्ही एकत्र झालं म्हणून हे झालं." पलीकडे शेजारच्या परबकाकू कपडे वाळत घालत होत्या. मी आवाज खाली केला नाही.

फिलोमिना अशी भडकली! "जॉन गेला तेव्हा तू मला आंघोळ घातलीस, भरवलंस. आणि तुझं मन आजारी पडलं तर मला कळू नये? मी कोण लागत नाही काय तुझी?"

तुमच्यापैकी कुणी मनाची किंवा झोपेची गोळी घेत असाल, तर कळकळीने सांगते. डॉक्टरांना सगळं सांगा. काढा, चूर्ण, ऑनलाइन मागवलेलं, शेजारून आलेलं, सगळं. आणि आपणहून गोळी बंदही करू नका. माझी डॉक्टरांनीच थांबवली आणि नंतर त्यांनीच जपून सुरू केली. आता मी बरी आहे, झोपते. माझ्यावर उपकार करणारे इतके आहेत की कुणाकुणाला हात जोडू!

पुढच्या वेळी फिलोमिना तिची बाटली पर्समध्ये घालून माझ्याबरोबर दादरला आली, तिलाही विचारायचं होतं म्हणून. ती बाहेर बसणार होती. मीच तिला आत ओढलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मी डॉक्टरांसमोर आईबद्दल बोलताना मोकळेपणाने रडले. फिलोमिना माझ्याहून मोठ्याने रडली. डॉक्टरांनी आधी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला.