इनवर्ड नंबर मिळालेला मेल

होसकोट्याच्या कारखान्यात मी पोचले तेव्हा सुधाच्या हातात मेमो पडलेला होता. चोवीस तासांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल, असा त्याचा मजकूर. ऑफिसातला पत्रव्यवहार सांभाळणारी ही एकटी बाई. "अक्का, घरात कमावणारी मीच आहे. दुसरीकडे कोण घेणार मला ह्या वयात?" ती म्हणाली आणि मेमोची घडी करून पर्समध्ये ठेवली.

मी छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघते. बिघडलं की मला बोलावतात आणि बिघडेपर्यंत माझे फोन उचलत नाहीत. बर्वेसाहेबांच्या ह्या कारखान्यात रबराची सील बनतात. त्या सकाळी त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला होता. तुमच्या मेलवरून आम्हाला सुधारित कोटेशन आलंय, पण लिंक उघडली की ती आमचाच पासवर्ड मागतेय. संध्याकाळपर्यंत हे निस्तरा, नाहीतर व्हेंडरच्या यादीतून तुमचं नाव काढतो. कारखान्याचं निम्मं काम ह्याच गिऱ्हाइकाचं.

साहेब मात्र शांत होते. "कल्प्रिट सापडलाय," ते मला म्हणाले. "सुधानं लिंकवर क्लिक केलं. तुम्ही फक्त टेक्निकल रिपोर्ट द्या, म्हणजे माझी फाइल कम्प्लीट होते."

बर्वेसाहेब बत्तीस वर्षं एका सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कारखाना काढला. येताना तिथलं इंजिनिअरिंग किती आणलं मला ठाऊक नाही, पण फायलिंग अख्खं उचलून आणलं. साहेब मेल स्क्रीनवर वाचत नाहीत. सुधा प्रत्येक मेल छापते, त्यावर इनवर्डचा शिक्का मारते, रजिस्टरमध्ये नंबर घालते आणि फाइल केबिनमध्ये पाठवते. साहेब हिरव्या शाईने शेरा मारतात. शेरा पडला की ते काम करायचं, त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

मी आधी मेलबॉक्स उघडला. दहा दिवसांपूर्वी एक मेल आला होता: तुमचा मेलबॉक्स भरलाय, चोवीस तासांत खालच्या लिंकवर पासवर्ड टाकून खात्री करा, नाहीतर मेल बंद. फिशिंग म्हणतात ते हेच. ओळखीच्या कंपनीचं सोंग घ्यायचं, घाई करायची, आणि खोट्या पानावर पासवर्ड काढून घ्यायचा. ओळखायला दोन गोष्टी पुरतात. एक, घाई. दोन, पाठवणाऱ्याचा खरा पत्ता, जो नावावर बोट ठेवलं की दिसतो. इथे मेल कंपनीच्या नावामागे परदेशातल्या कुठल्याशा पडद्यांच्या दुकानाचा पत्ता होता. छापील कागदावर मात्र नुसतं नाव येतं आणि शेजारी इनवर्डचा गोल शिक्का. शिक्क्यामुळे कागदाला चांगलाच भारदस्तपणा येतो.

मेलमध्ये मुदत चोवीस तासांची, आणि साहेबांकडून फाइल बाहेर आली चौथ्या दिवशी. चोरानं तेवढे दिवस कळ काढली, फारच सोशिक माणूस. मग सुधानं हुकुमाप्रमाणे मूळ मेल उघडून पासवर्ड टाकला.

आत शिरल्यावर चोरानं गिऱ्हाइकांना खोटं कोटेशन पाठवलं आणि मेलबॉक्समध्ये एक नियम बसवून ठेवला. म्हणजे गिऱ्हाइकांची उत्तरं आली की ती परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये जायची, सुधाला दिसायचीच नाहीत. ती वाचायचा चोर, आणि उत्तरही तोच द्यायचा. गिऱ्हाइकानं विचारलं होतं, हे कोटेशन खरंच तुमचं का? त्यानं नम्रपणे लिहिलं, होय, कृपया लिंक उघडावी. मी त्या गिऱ्हाइकाच्या परचेस मॅनेजरला फोन करून विचारलं, तुम्हाला शंका कशी आली. तो म्हणाला, "मॅडम, बर्वेंच्या ऑफिसातून पाच मिनिटांत रिप्लाय येतो का कधी?"

हे मी साहेबांना सांगितलं नाही. तेवढं पुण्य माझ्या खात्यावर असू द्या.

पासवर्ड बदलला, सगळीकडची लॉगिन तोडली, तो नियम काढला, फोनवर कोड आल्याशिवाय मेल उघडणार नाही अशी सोय केली. मग साहेबांना म्हटलं, आता सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकू, मेल कंपनीला रिपोर्ट करू आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावू. इथे साहेब अडले. आधी मसुदा करा, मी बघतो, सोमवारी पाठवू. शिवाय गिऱ्हाइकांना सांगितलं तर कंपनीचा बोभाटा होईल. मला राग आला. मी सरळ म्हटलं की बोभाटा तुमच्याच मेलवरून आठवडाभर चालू आहे, फक्त तुम्हाला ऐकू आलेला नाही. साहेबांची सही न घेता मी तक्रार टाकली. सुधा आणि मी दुपारी तीनपर्यंत फोन करत बसलो. त्यात कळलं की आणखी दोघांनी लिंक उघडली होती. त्यांचेही पासवर्ड वेळेत बदलून घेतले.

राहिला माझा रिपोर्ट. पुरावा म्हणून त्या मेलचा छापील कागद हवा होता. साहेबांनी स्वतःच फाइल काढून दिली. कागदावर हिरव्या शाईत होतं, 'अर्जंट. ताबडतोब करावे.' त्याच्या वर, समासात, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा वाटतो. करू का?' खाली सुधाची सही.

मी कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सुधाला आत बोलावलं.

"अशी शंका होती तर मला तोंडी का नाही सांगितलंस?"

सुधानं माझ्याकडे पाहिलं नाही. "आलेले मी, सर. सांगू लागले तर तुम्ही म्हणालात, जे काय आहे ते फाइलवर लिही. मी सरी, बरं म्हटलं आणि लिहिलं."

माफी साहेबांनी मागितली नाही, तसं काही सरकारी कंपनीत शिकवत नसावेत. मेमो परत दे, एवढंच म्हणाले. सुधा म्हणाली, तो माझ्या नावाचा आहे, माझ्याजवळच राहू दे. आणि ती कामाला गेली.

गिऱ्हाइक टिकलं, सुधाही टिकली. माझा रिपोर्ट मी दोन ओळींचा दिला, साहेबांना तो फारच तोकडा वाटला. खोटा मेल ओळखणारं कुणीतरी बहुतेक ऑफिसांत असतंच. तिथला साहेब त्या माणसाचं ऐकतो का, एवढंच चोर तपासून बघतो.