‘कानबाई कधी’चा पहिला नंबर

माझा फोन माझी खुशामत करतो, हे मला फार उशिरा कळलं. मी ‘कानबाई कधी’ असं टाइप केलं की सगळ्यात वर माझाच लेख यायचा, आणि मी चहा पिता पिता खूश व्हायचे. मग एकदा नवरा म्हणाला, ‘‘अगं, तुझ्या फोनला तू माहीत आहेस. तो तुला आवडेल तेच दाखवणार.’’ नवऱ्यानं एवढं शहाणपण एरवी कधी दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मी दुसऱ्यांचे फोन मागते. ब्लाउज शिवायला टाकायला गेले की शिंपीणबाईंना म्हणते, जरा तुमचा फोन द्या, माझी बॅटरी संपलीय. भाजीवालीकडे, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे. जळगावात माझी बॅटरी कायम संपलेली असते.

दुसऱ्यांच्या फोनवरही बरीच वर्षं मीच पहिली होते. कानबाई ही आमच्या खानदेशातली घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. गावात राहणाऱ्याला तारीख विचारावी लागत नाही. पण आमची निम्मी माणसं सुरतेला, पुण्याला, नाशकाला. त्यांना सुट्टी टाकायची असते, तिकीट काढायचं असतं, म्हणून आषाढ लागला की सगळे फोनला विचारतात, कानबाई कधी? आणि फोन त्यांना माझ्याकडे पाठवायचा. मी जळगावच्या मास्तरांची मुलगी, एम.ए. झालेली. ब्लॉग म्हणजे काय हे कॉलनीत कुणाला माहीत नव्हतं तेव्हापासून मी लिहिते. लेख लांब पाहिजे, मध्ये उपशीर्षकं पाहिजेत, लोक जे शब्द शोधतात तेच लेखात पुन्हा पुन्हा आले पाहिजेत, हे सगळं मी शिकून घेतलं. माझ्या कानबाईच्या लेखात इतिहास होता, विधी होता, प्रसादाच्या रोटांचं, म्हणजे जाड पोळ्यांचं, पीठ कसं दळायचं ते होतं, आणि तारीख सगळ्यात खाली होती. तारीख वर दिली तर माणूस बाकीचं कशाला वाचेल?

मग माझ्या धाकट्या जावेनं फोन हातात घेतला.

ती धुळ्याला राहते. बारावीनंतर लग्न झालं, आणि दोन मुलांच्या शाळा सांभाळता सांभाळता तिला रील करायचा नाद लागला. हिरव्या बांगड्यांचा हात हलवत ती ‘‘दखा ना व माय!’’, म्हणजे बघा ना गं बाई, असं म्हणून सुरुवात करते आणि वीस सेकंदांत संपवते. शेवभाजीचा मसाला वीस सेकंदांत. कळण्याची भाकरी वीस सेकंदांत. मला मीठ किती ते लिहायलाच एक परिच्छेद लागतो. आणि सगळं अहिराणीत. आमच्या माहेरी पाहुणे आले की अहिराणी स्वयंपाकघरात जायची आणि बैठकीत शुद्ध मराठी बसायची. जी भाषा आम्ही लपवायला शिकलो, तिच्यावर ही बाई मिरवत होती, आणि लोक लाखांनी बघत होते.

मला राग आला. हेवा म्हणा, पोटदुखी म्हणा, नाव काहीही द्या. मी तिचं प्रत्येक रील बघायचे आणि कधीच अंगठा दाबायचे नाही. बघून झालं की खालच्या कॉमेंट वाचायचे. ‘ताई, आपली माय आठवली.’ माझ्या लेखाखाली शेवटची कॉमेंट एका माणसानं केली होती, आणि तो बोअरवेलची जाहिरात करत होता. एकदा गोलाणी मार्केटजवळच्या साडीच्या दुकानात एक बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, चला, वाचक भेटला. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्या धुळ्याच्या ‘दखा ना व माय’च्या जाऊ ना?’’ मी साडी न घेताच बाहेर आले.

हे सगळं चाललेलं असताना दोन श्रावण आले.

म्हणजे त्या वर्षी अधिक महिना श्रावणात पडला होता. आधी अधिक श्रावण, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, आणि मग खरा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, देवाचे सण त्यात करत नाहीत. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जावेनं मोबाइलमधलं पंचांग उघडलं, श्रावण शुद्ध पंचमी बघितली, पुढचा रविवार धरला आणि वीस सेकंदांत जगाला सांगून टाकलं. त्या पंचमीच्या वर बारीक अक्षरांत ‘अधिक’ लिहिलेलं होतं. ते वाचायला सेकंद उरले नसावेत.

मला कळलं ते सुरतेच्या चुलत दिरामुळे. त्याचा फोन आला. तो आणि त्याच्या आसपासची आमची चार घरं तिथं कापडाच्या कारखान्यांत आहेत. नवऱ्याला म्हणाला, ‘‘भाऊ, सुट्टी टाकी दिधी, तिकिटबी काढी लिधं. बठ्ठा येतस.’’ आणि तारीख सांगितली. फोन स्पीकरवर होता; मी स्वयंपाकघरातून ऐकलं, कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एवढा निर्मळ आनंद मला मुलगी पहिली आली तेव्हाही झाला नव्हता. म्हटलं, आता कळेल लोकांना, वीस सेकंदांत काय काय सांडतं ते.

पण त्या आनंदाला लगेच दुसरी बाजू निघाली. आदल्या वर्षी भाऊबंदांत एक मयत झाली होती, सुतकात कानबाई बसली नव्हती. म्हणून यंदा सगळ्यांनी यायचं असं सासूबाईंनी वर्षभर फोन करकरून सांगितलं होतं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात त्या एकट्या राहतात. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजून घेतात (बायकांच्या नावानं कुणी मूठ धरत नाही, दळायला मात्र बायकाच), त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर कुणाला तुकडा द्यायचा नाही, आणि एक कणही सांडू द्यायचा नाही. सुरतेची माणसं चुकीच्या रविवारी येऊन गेली तर कारखाना पुढच्या महिन्यात पुन्हा सुट्टी देणार नव्हता. त्यांच्या मुठी तशाच राहिल्या असत्या. सासूबाईंचं वय झालेलं. पुढल्या वर्षाचा भरवसा त्या स्वतःच देत नव्हत्या.

मी लेख लिहिला. ‘कानबाई कधी आहे? अधिक श्रावण आणि निज श्रावण यांतील फरक.’ शास्त्र दिलं, परंपरा दिली, चंद्राच्या गतीचं कोष्टक दिलं. आणि खास बाब म्हणून या वेळी तारीख मधोमध घातली. सुरतेच्या दिराला लिंक पाठवली. त्यानं दोन हात जोडलेले पाठवले आणि सुट्टी तशीच ठेवली. नवऱ्यानं फोन करून सांगितलं तर म्हणाला, धुळ्याच्या वहिनीचं लाखभर लोक ऐकतात, ती कशी चुकेल? शिंपीणबाईंच्या फोनवर बघितलं तर वर जाऊ, तिच्याखाली पुन्हा जाऊ, मग एक कुणीतरी जावेचंच रील चोरून टाकलेलं, आणि त्याच्या खाली मी. खरी तारीख माझ्याकडे होती आणि गर्दी तिच्याकडे.

दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. गल्लीतल्या आणखी दोन घरांची सुरतेची पोरं त्याच चुकीच्या रविवारी यायला निघाली होती.

‘‘काय व, तू तर कितला वर्सं लिखी ऱ्हायनी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग तुनं कोनी आयकस काबर नही?’’

मी म्हटलं, ‘‘मी लेख टाकलाय, आई.’’

‘‘लेखले काय जाळू? धाकलीना फोनमा जाय नि सांग.’’

जावेला फोन केला. मला वाटलं होतं, ती हुज्जत घालेल; घातली असती तर बरं वाटलं असतं. ती रडवेली झाली. म्हणाली, ‘‘अक्का, चुकीच गयं. आते मीच परत सांगसू ते लोके म्हनतीन, कालदिन एक सांगे, आज दुसरं. तुम्हीन सांगा ना. तुम्ही मोठ्या शेतस, तुमनं मानतीन.’’ तिच्या आवाजात कुठं खोट सापडते का ते मी खूप ऐकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं धुळ्याला गेले. पारोळ्यापर्यंत पाठ करत होते. दीड पान लिहून नेलं होतं. जावेचं स्वयंपाकघर म्हणजे माझ्या बाथरूमएवढं. डाळीच्या डब्यावर फोन उभा केलेला, मागून केसांच्या रबरानं बांधलेला. एवढ्याशा जागेतून ती लाखभर घरांत जात होती. तिनं माझा पदर नीट केला, खिडकी उघडली, म्हणाली, ‘‘वीस सेकंद शेतस, अक्का.’’

मी सुरू केलं, ‘‘नमस्कार. भारतीय कालगणनेत चांद्रमास आणि सौरमास...’’

‘‘अक्का, संपनात.’’

पुन्हा केलं. ‘‘नमस्कार. यंदा अधिक मास आल्यामुळे अनेकांचा संभ्रम...’’ पुन्हा संपले. पुन्हा केलं. ती एकदाही हसली नाही, प्रत्येक वेळी तेवढ्याच प्रेमानं ‘‘भारी व्हयनं, आखो एक डाव’’ म्हणायची, आणि त्या प्रेमानंच माझं डोकं फिरलं. उकडत होतं, गॅसवर तिचं वरण उतू जात होतं, फोन माझ्याकडे टक लावून बघत होता. माझा तोल गेला. हातातला कागद ओट्यावर आपटला आणि बोट उगारून ओरडले, ‘‘अरे, धोंडाना महिनामा कोनी कानबाई बसाडस का? जवाईले धोंडा खावाडा, नि कानबाईले पुढला महिनामा या!’’

जावेनं फोनवर बोट टेकवलं. ‘‘व्हयी गयं,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ते पुसून टाक, मी नीट बोलते. ती म्हणाली, हो अक्का, जेवून घ्या आधी. मी वरण-बट्टी खाऊन परतीच्या एसटीत बसले. पारोळा यायच्या आत नवऱ्याचा फोन आला. आधी तो नुसता हसतच होता.

ते रील कुठं कुठं गेलं ते मी मोजलं नाही असं म्हणायला आवडलं असतं. मी मोजलं. सगळं मोजलं. माझ्या सगळ्या लेखांना सगळ्या वर्षांत मिळून जेवढी माणसं आली नसतील तेवढ्यांनी त्या आठवड्यात माझं उगारलेलं बोट बघितलं. सुरतेच्या दिरानं तिकीट बदललं आणि बोट उगारलेल्या माझ्या चित्राचं स्टेटस ठेवलं. खाली कॉमेंटचा पाऊस होता. सगळ्यात जास्त लोकांनी पसंत केलेली कॉमेंट अशी होती : ‘ताई, नशीबवान आहात. अशी खमकी सासू सगळ्यांना मिळो.’

सासू! आमच्यात फक्त नऊ वर्षांचं अंतर आहे. जावेनं खाली लिहिलं, ‘सासू नही, मनी मोठी जाऊ शे,’ पण ती ओळ कुणी वाचली नाही. लिहिलेलं कोण वाचतं?

खऱ्या श्रावणात, खऱ्या रविवारी कानबाई बसली. चारही घरं सुरतेहून आली. मुठी मोजताना सासूबाई प्रत्येक नाव मोठ्यानं घेत होत्या आणि ओसरीतून ज्याचं त्याचं ‘‘आठे शे!’’, इथं आहे, असं उत्तर येत होतं. सोमवारी नदीवर अनोळखी बायका येऊन माझ्या पाया पडत होत्या. जाऊ बाजूला उभी राहून सगळ्यांना अभिमानानं सांगत होती, ‘‘ह्याच त्या.’’ मी हसत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. अजूनही कुणाचाही फोन मागून ‘कानबाई कधी’ विचारलं तर सगळ्यात वर मीच येते, जावेच्या घरात, तिच्या डब्यासमोर, तिच्या नावाखाली. माझा लेख पुढच्या पानावर कुठंतरी असतो. तिथंपर्यंत मी एकटीच जाते.

नदीवरून आल्यावर आम्ही रोट खायला बसलो. गंगाफळाची भाजी, खीर, आणि मध्ये रोटांची परात. सासूबाईंनी शेजारणीकडून तिचा फोन मागून घेतला होता आणि जेवता जेवता मला बघत होत्या. बोट उगारलं की हसायच्या, पुन्हा लावायला सांगायच्या. त्यांना वाचता येत नाही. माझे सगळे लेख मी त्यांच्यासाठी या शेजारणीच्या फोनवर पाठवत आले होते, ती वाचून दाखवत असेल असं धरून. विचारलं कधी नव्हतं.

चौथ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी फोन पदरानं पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘आते बरं लिखाले लागनी तू,’’ त्या म्हणाल्या. मग धाकटीकडे बघून, ‘‘धाकलीनी शिकाडं ना?’’

समोर जाऊ मान खाली घालून खीर वाढत होती. माझ्या ओठांवर दीड पानाचं उत्तर आलं होतं. पण तोंडात रोटाचा घास होता, आणि त्याचा कणही सांडू द्यायचा नसतो. मी नुसती मान हलवली.