बाबांच्या कानातला कापूस

लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, आणि माझी लेखणीही परीक्षेपुरतीच चाललेली. कानाविषयी खरे तर डॉक्टरांनी लिहावे आणि मिलविषयी माझ्या वडिलांनी. डॉक्टर कुणी ओळखीचे नाहीत. वडील म्हणाले, "मी माग चालवतो, लेखनी तूच चालव." म्हणून हे धाडस.

आम्ही अकोल्याचे. बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. विणकामाच्या खात्यात शेकडो माग एकदम खडखडत, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत राही, आणि शेजारच्याच्या कानाशी ओरडले तरी शब्द पोहोचत नसे. म्हणून तिथली माणसे ओठ वाचत. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, वर हाताची एखादी खूण. बाबा त्यात पटाईत. एकदा बाजारात रस्त्यापलीकडे दोघे भांडत होते, तर बाबांनी इकडे उभे राहून आम्हाला दोन्ही बाजू ऐकवल्या होत्या.

या कसबानेच घोटाळा केला. त्यांना किती कमी ऐकू येते हे घरात कळलेच नाही. समोरून बोलले की ते नीट उत्तर देत. बोलत मोठ्याने, पण मिलवाले सगळेच मोठ्याने बोलतात. एकट्या आईला कळले असावे, कारण ती त्याचा फायदा घेत होती. चुलीकडे तोंड, बाबांकडे पाठ, आणि मनातले सगळे बाहेर. "बजार आना म्हनलं का वांगे. काल वांगे, आज वांगे. आता अंगनात वांग्याचंच झाड उगन!" मागे बाबा शांतपणे जेवत असत. मी त्याला त्यांचा सोशिकपणा समजत होतो. शाळेत 'माझे वडील' या निबंधात तसे लिहूनही टाकले होते.

इंटर सायन्सला मी अमरावतीला गेलो. ध्वनीचा धडा चालू असताना प्राध्यापक म्हणाले की, वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात राबणाऱ्याचा कान हळूहळू निकामी होतो. गेलेले परत येत नाही, उरलेले मात्र राखता येते. कानात बोळा घालावा. मी वहीत लिहून घेतले आणि खाली दोन रेघा ओढल्या. दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राचे घड्याळ मागून घेऊन घरी आलो.

बाबांच्या कानापाशी घड्याळ धरून मी विचारले, "येते ऐकू?"

"येते ना. टिकटिक करून राहिलं."

मी खूश झालो. मग पाहिले, तर घड्याळ बंद होते. मी किल्लीच दिली नव्हती. बाबांनी उत्तर माझ्या तोंडावरून वाचले होते. किल्ली दिली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. ते पाटावर ध्यान लावून बसल्यासारखे बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता केव्हा सुरू करतं, बाबू?"

घड्याळ त्यांच्या कानाला टेकलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवर जायच्या आधी, मी दोन्ही कानांत कापूस भरला. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? मी हात राखला नाही. दोन्हीकडून पांढरे झुपके बाहेर आले. तेवढ्यात शेजारच्या मागावरचे काका बोलवायला आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, मढं त बसून चहा पिऊन राहिलं वो!"

आई धावत आली. "काढा ते आंधी! जित्या मानसाच्या कानात कापूस घालते का कोनी? हेच शिकवते काय रे तुह्या कॉलेजात?"

बाबांनी बोळे काढले. त्यांना मात्र वेगळीच अडचण होती. "हे पाय, धागा तुटला का मागाचा सूर बदलते. तो मले कानानंच समजते. कान बंद केला त माग कसा चालवू?"

याचे उत्तर वहीत नव्हते. सुट्टी संपल्यावर मी भीत भीत प्राध्यापकांना गाठले. ते हसले. कोरडा कापूस फारसा कामाचा नाही, तो पातळ मेणात भिजवून मळायचा आणि लहानशी गोळी करायची, असे त्यांनी सांगितले. सुराचे काय, तर म्हणाले, "त्यांनाच घालून पाहू दे."

पुढच्या रविवारी मी मेणबत्ती घेऊन घरी हजर. गोळ्या झाल्या, पण बाबा हात लावेनात. काकांनी मढ्याची गोष्ट खातेभर, अगदी जॉबर म्हणजे मुकादमापर्यंत, केली होती. शेवटी तोड आईनेच काढली.

"कापूस मढ्याच्या कानात राह्यते, नाई त अत्तर लावून लग्नातल्या पाव्हन्याच्या. मंग यायले पाव्हना करा."

कुठल्याशा लग्नातली अत्तराची कुपी तिने ट्रंकेत जपून ठेवली होती. तिने गोळ्यांना वरून त्या खसाच्या अत्तराचे बोट लावले. बाबांनी वास घेतला, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आठ दिवस घालीन. सूर नाई समजला त नालीत फेकून देईन."

मी अमरावतीला परतलो. आठ दिवस गेले, महिना गेला. पोस्टमन दिसला की मी धावत दाराशी जाई. गोळ्या नालीत गेल्या असतील, तर राखायला पुढे काय उरेल, हे मला वहीवरून माहीत होते.

शेवटी कार्ड आले. अक्षर धाकट्या बहिणीचे, आणि आई बोलली तसेच तिने उतरवले होते:

"बाबूले आशीर्वाद. पयले दोन दिवस तुहे बाबा लय चिडले. तिसऱ्या दिवशी म्हने, गलका कमी झाला त सूर उलटा साफ समजते. आता त्याईच्या रांगेतले पाच-सहा जन कानात अत्तराची गोळी घालून जातात. जॉबर इचारते, कोनाच्या लग्नाले चालले? संध्याकाळी घरी आल्यावर त्याईच्या कानात शिट्टी वाजत राहे, ते कमी झाली. गेलं ते गेलंच, शिट्टीखाली दबलेलं तेवढं मोकळं झालं, ऐकू कमीच येते अजून. पन परवा मी चुलीकडं तोंड करून वांग्याचं बोलली, त मागून म्हनतात, 'बरं, उद्या भेंडी आनतो.' माह्या हातातलं उलथनं खाली पडलं. आता मी कोनापाशी बोलू, तूच सांग. हे सारं तुह्यंच काम आहे."