मागच्या चाकाआडचा आवाज

फोनवर नाव वैजूचंच आलं, म्हणून मी हॅलोबिलो काही म्हटलं नाही. "आले गं बाई, बूट घालतेय!" असं ओरडले आणि खरोखरच एका पायात बूट चढवला. रविवार होता. आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारनंतर, तिच्या गॅरेजमध्ये जायचं ठरलेलं होतं, आणि त्या कामासाठी राखून ठेवलेला, ग्रीसचे डाग पडलेला कुडता मी जेवण झाल्याबरोबर घालून बसले होते. पलीकडून तिचा नवरा शिरीष म्हणाला, "सुमा, मी बोलतोय…" पुढचं त्याला नीट सांगता आलं नाही. सकाळी कपडे वाळत घालताना ती कोसळली होती. डोक्यात रक्तस्राव. आम्ही दोघी जिथे नोकरी करायचो त्याच हॉस्पिटलात तिला नेलं, आणि तासाभरापूर्वी सगळं संपलं होतं. दुसऱ्या पायातला बूट माझ्या नवऱ्याने चढवला आणि मला धरून गाडीत बसवलं.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही, बरं वाटेल. बरंबिरं काही वाटणार नाही, हे मला माहीत आहे. पण वैजूबद्दल कुणी तरी सांगायला हवं, आणि तिची सगळ्यात जास्त बोलणी मीच खाल्लेली आहेत, तेव्हा तो मान माझा.

वैजयंती मूळची पुण्याची, मीही पुण्याचीच, पण भेट व्हायला आम्हाला टूवूंबा गाठावं लागलं. ऑस्ट्रेलियात डोंगरमाथ्यावर वसलेलं हे गाव. आजूबाजूला शेती, एक मोठं हॉस्पिटल, एक युनिव्हर्सिटी, आणि बस म्हणाल तर देवाची करणी, आली तर आली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. वैजू तिथली यंत्रं दुरुस्त करायची. पहिल्यांदा आली ती माझं एक मशीन बघायला. मी तिला त्याची सगळी लक्षणं सांगितली, कधीपासून, कसा आवाज, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "बाई, प्लग निघालाय." त्या दिवसापासून मी तिची झाले. ती सकाळी मला कामावर घेऊन जायची, संध्याकाळी घरी सोडायची, आणि दोन्ही वेळा माझ्या गाडी चालवण्याची टिंगल करायची.

टिंगलीचं कारण घाट. इथून ब्रिस्बेनला जायचं तर मोठा घाट उतरावा लागतो. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्यांदाच उतरत असताना शेजारून एक ट्रक गेला, त्याच्या चाकांतून धूर निघत होता आणि जळका, करपट वास आमच्या गाडीत शिरला. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत, तेही मी तेव्हाच पाहिले. झालं. तेव्हापासून घाट आला की मी डोळे मिटते. गावात चालवते मी, अगदी व्यवस्थित चालवते, पण घाटात शेजारच्या सीटवरसुद्धा माझे डोळे उघडे राहत नाहीत. नवऱ्याने समजावलं, मुलांनी व्हिडिओ काढले. वैजूने मात्र तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "मी गाडी बांधते. माझ्या हातचे ब्रेक असतील, त्यात बसून तू घाट उतरायचास. डोळे उघडे ठेवून." मला वाटलं, बोलतेय. हिला बोलायला काय होतंय!

पण ती बोलून थांबणाऱ्यातली नव्हती. इथे हौशी लोक गाड्या घरी बांधतात. लोखंडी सांगाडा आणि वरची फायबरची बॉडी विकत मिळते. बाकीचं, म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक, हे मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीतून काढून आपण बसवायचं. त्या गाडीला डोनर म्हणतात. वैजूने दोन सीटांची एक बुटकी गाडी आणली आणि शिरीषची बिचाऱ्याची गाडी गॅरेजमधून कायमची रस्त्यावर गेली. वर्षं गेली त्यात. इंजिन बसलं, स्टिअरिंग बसलं. ब्रेक जे मिळाले होते त्यात पुढे डिस्क होती, म्हणजे चिमट्यात धरली जाणारी उघडी तबकडी, आणि मागे जुन्या पद्धतीचे ड्रम. कायद्याला ते चालत होतं. गाडी तपासायला येणारा इंजिनिअर तर म्हणाला, "नो वरीज मेट, ड्रम आर फाइन." तो गेल्यावर वैजू मला म्हणाली, "त्याला फाइन असेल. त्याला कुठं तुला घेऊन घाट उतरायचाय! ड्रम उतारावर तापतात. मला मागेही डिस्कच पाहिजे."

मग सुरू झाली ती शोधाशोध. मागच्या चाकाची डिस्क, तीही तिच्या मापाची, आणि हँडब्रेक त्यातच असलेली. असल्या गाड्या मोडीत निघतात ते यार्ड घाटाखाली. म्हणजे घाट उतरण्यासाठी ब्रेक हवेत, आणि ते ब्रेक आणण्यासाठी आधी घाट उतरा! "मी येत नाही," मी म्हणायचे. "तुझ्याशिवाय पाने कोण देणार मला?" ती म्हणायची. मी डोळे मिटून बसायचे आणि ती गाडी चालवता चालवता मला सांगत राहायची. "आता डावं वळण आहे… ट्रक नाहीये… आता समोर सगळी दरी मोकळी दिसतेय सुमे, निळी निळी आहे, बघणार आहेस का? नाही? बरं. आता उजवं…" अशा रीतीने मी तो घाट कितीदा तरी पाहिलाय, तिच्या तोंडून.

यार्डमध्ये पहिल्याच खेपेला मला दारात अडवलं, कारण माझ्या पायात चपला होत्या. तिथे बंद बूटच लागतात. मला त्यांनी कुणाचे तरी अवाढव्य गमबूट दिले, आणि ते घालून मी चिखलातून फताड्या पायांनी चालतेय हे बघून वैजू एका मोडक्या बॉनेटवर डोकं टेकून हसत बसली. तशी हसायला लागली की तिला थांबवता यायचं नाही. पण ब्रेक बघताना मात्र ती भलतीच कठोर व्हायची. एकदा हवी तशी गाडी समोर होती, हवे तेच ब्रेक. मी पाना पुढे केला. ती म्हणाली, "ही नको."

"का नको? तीच आहे ना?"

"समोरून ठोकलीये. बघ."

"अगं, पण तुला मागचे ब्रेक हवेत! मागे काय झालंय तिला?"

"ती थांबली नाही म्हणून इथे आलीये, सुमे. तिचे ब्रेक मी तुझ्याखाली लावू?"

मी म्हटलं, एवढी इंजिनिअर बाई तू, आणि असलं काय बोलतेस? चूक चालवणाऱ्याची असेल, ब्रेकची कशावरून? "असेल," ती म्हणाली, "पण मला माहीत नाही ना." आणि पुढे चालायला लागली. तिला आपटलेली गाडी नकोच होती. गारांनी मेलेली हवी होती. आमच्याकडे गारा अशा पडतात की गाडीचा पत्रा दुरुस्त करण्यात अर्थ उरत नाही. चालत्या गाड्या सरळ मोडीत जातात. तशी एक पांढरी गाडी शेवटी मिळाली. तिचा टप म्हणजे अक्षरशः अप्पेपात्र झाला होता, काच फुटलेली, पण खालून ठणठणीत. मागच्या सीटवर कुणा पोराने चिकटवलेले डायनोसॉर तसेच होते. वैजूने त्या खड्डे पडलेल्या टपावरून हात फिरवला, तो हात कपाळाला लावला आणि मग पहिला बोल्ट सैल केला. मी टर उडवायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून पुढचा पाना दिला.

घरी आणून ते ब्रेक घासले, रंगवले, बसवले. आणि आता गाडी थांबणार म्हणून आम्ही पेढेसुद्धा खाल्ले. पण पेडल दाबलं की पाय स्पंजावर ठेवल्यासारखा आत जायचा. नळीत हवा राहिली की असं होतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे जमिनीवर बसून एक छोटा स्क्रू उघडायचा, त्यातून तेल आणि हवा बाहेर येते, मग स्क्रू बंद. बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. म्हणून सगळं काम आवाजावर चालतं. मी समोर भिंतीकडे तोंड करून बसायचे, मागून तिचा आवाज यायचा. "दाब." मी दाबायचे. "धर." मी म्हणायचे, "धरलंय." स्क्रू उघडायची ती, पाय तळाला जायचा. "सोड." एवढंच. दाब, धर, सोड. मधे मधे मात्र गप्पा, आणि त्या गप्पांना काही धरबंध नसायचा. लॅबमधली भांडणं, तिच्या मुलीची, तन्वीची, युनिव्हर्सिटीची अ‍ॅडमिशन, माझी गुडघेदुखी, आंब्याच्या लोणच्यात मोहरी किती. ती मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हते. मला वाटतं म्हणूनच आम्ही तिथे जे बोललो ते कुठे दुसरीकडे बोललो नाही. आई गेली आणि मला तिकीट मिळालं नाही, ते मी तिला तिथेच सांगितलं, पाय पेडलवर ठेवून. मग मागून आवाज आला, "धर गं. मी आहे इथे."

रविवारमागून रविवार गेले तरी पेडल काही कडक होईना. वैजू वैतागली. एकदा माझ्याकडे जेवायला आली होती, पिठलं-भाकरीचा बेत होता. पिठल्यावर घ्यायला कच्च्या तेलाची बाटली तिने उलटी केली, आणि तशीच हातात धरून बघत बसली. "अगं, सांडतंय!" मी ओरडले. ती म्हणाली, "बुडबुडा वर गेला." मी म्हटलं, मग काय खाली जाणार? "तेच!" असं म्हणून बाई ताटावरून उठली. झालं होतं असं, की तिच्या गाडीत जागा नव्हती म्हणून तिने डाव्या चाकाचा ब्रेक उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला होता. त्यामुळे हवा काढायचा स्क्रू खाली गेला होता आणि हवा आपली वर मजेत बसली होती. इतके दिवस आम्ही नुसतं तेल काढत होतो! आता तो भाग खोलून, स्क्रू वर येईल असा हातात धरून हवा काढायची, आणि तोवर डिस्कच्या जागी ब्रेकच्या चिमट्यात काही तरी तेवढ्याच जाडीचं धरायला हवं. तिची नजर माझ्या ओट्यावर फिरली. "तो पोळपाट फुटलाय ना?"

"त्याला हात लावायचा नाही. माझ्या लग्नातला आहे तो."

"सुमे, तू त्याच्यावर पोळ्या लाटतेस का?"

"नाही."

"मग तो घाट उतरायला येईल आपल्याबरोबर," असं म्हणून तिने तो काखेत मारला. पुढच्या रविवारी गेले तर माझ्या पोळपाटाचे दोन चौकोनी तुकडे, घासून मापात आणलेले. त्या दिवशी एका बाजूची हवा पूर्ण निघाली. पेडल निम्मं तरी कडक झालं. दुसरी बाजू राहिली, कारण मला लॅबमधून बोलावणं आलं. "पळ," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी संपवू, आणि मग घाट. आणि सुमे, ते बूट घालून ये, चपलांनी पाय घसरतो तुझा." तो पुढचा रविवार म्हणजे मी वर सांगितला तोच.

मला तिची फार आठवण येते. सरळच सांगते, दुसऱ्या शब्दांत सांगायला मला येत नाही. सकाळी हॉर्न वाजत नाही. कामावर मी माझी गाडी घेऊन जाते, व्यवस्थित पार्क करते, आणि तिथे कुणी म्हणत नाही, "दोन गाड्यांची जागा घेतलीस की गं." शिरीष गॅरेजचं दार उघडत नाही. मीही त्या रस्त्याने जायचं टाळत होते.

गेल्या शनिवारी तन्वी ब्रिस्बेनहून आली आणि थेट माझ्या दारात उभी राहिली. ती नेहमी इंग्रजीतच बोलते. "मावशी, कॅन वी फिनिश इट? जस्ट द ब्रेक्स." मी नाही म्हणणार होते. मग बूट घातले.

गॅरेजमध्ये सगळं तसंच. मागच्या चाकाशी तो ब्रेक तारेने टांगलेला, आणि त्याच्या चिमट्यात माझ्या पोळपाटाचा तुकडा, त्यावर वैजूच्या अंगठ्याचा काळा ठसा. तन्वी खाली बसली. मी गाडीत बसले, तोंड भिंतीकडे. "ओके मावशी, पंप इट." माझा पाय हललाच नाही. "मावशी? यू ओके?" मी हो म्हटलं, पण पाय तिथेच. ब्रिस्बेनला जाण्याआधी घराच्या त्या भिंतीपलीकडून तिने हे कितीदा तरी ऐकलेलं असणार… मग चाकामागून आवाज आला.

"दाब."

फोनवर लोक नेहमी फसायचे, आई कोण आणि मुलगी कोण. मी दाबलं. "धर." मी म्हटलं, "धरलंय." "सोड." समोर भिंतीवर वैजूचा एप्रन लटकत होता. मी मागे वळून बघितलं नाही. पेडल दाबणाऱ्याने मागे बघायचंच नसतं. दाब, धर, सोड. पेडल हळूहळू वर येत गेलं आणि शेवटी दगडासारखं झालं. इतकं कडक, की त्यावर खुशाल घाट उतरावा.

"बबल्स थांबलेत मावशी," तन्वी म्हणाली. "पेडल कसं आहे?"

"अजून मऊ लागतंय गं," मी म्हटलं. "परत एकदा घे."

तिच्या हातात स्क्रूला जोडलेली पारदर्शक नळी होती, नळीत स्वच्छ तेल होतं, आणि ती वैजूची मुलगी होती. तिला कळलं नसेल असं मी म्हणणार नाही.

"बरं," ती म्हणाली. "दाब."

ऑइलची बाटली संपेपर्यंत आम्ही दोघी नसलेली हवा काढत बसलो.